कच्चा दुवा

८ ऑगस्ट, शुक्रवार

वर्षाली मॅडमनी आज फर्मान काढलं. 'सायबरसुरक्षा आणि समाज' या विषयासाठी दर शुक्रवारी दोनशे शब्दांचं 'मनन' लिहून ऑनलाइन टाकायचं. आज मी काय शिकले, माझ्यात काय बदल झाला. पहिल्याच तासाला माझ्यात काय डोंबलाचा बदल होणार? पाठ दुखली एवढाच. शेवटच्या बाकाला टेकायला फळी नाही. पण असलं तिथे लिहिता येत नाही, म्हणून ही वही. तिथे मॅडमना हवं ते लिहीन, इथे मला हवं ते.

वहीवर नाव घालायची पद्धत आहे म्हणून घालते. आम्रपाली, बी.एस्सी. कम्प्युटर, दुसरं वर्ष. कॉलेज पिंपरीत, घर चिखलीत. पप्पा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, आई चाकणच्या कंपनीत. सकाळी तिघं तीन बसना लोंबकळतो.

पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य होतं: 'माणूस हा सुरक्षेच्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा असतो.' मी ते मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. वाक्य वाचल्या वाचल्या मला आईच आठवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आईच्या फोनचा पिन १४०४ आहे. चौदा एप्रिल. आमच्या गल्लीत कुणाचाही फोन उचला आणि १४०४ दाबा, दहातले चार उघडतील. मी म्हटलं, बदल. भाकरी थापता थापता म्हणाली, "कामून बदलू? चौदा एप्रिल इसरले तर मला ध्यानात ठेवायला राहिलं काय?"

"अगं, चोराला लगेच कळतो तो."

"मग चोराला बोल की. मला कामून बोलायलीस?"

पप्पा हसले. त्यांनी हसायचं कारण नव्हतं, त्यांचा १९५६ आहे, धम्मदीक्षेचं साल.

उद्या सुट्टी म्हणून मनन आजच टाकलं. 'सर्वांत कच्चा दुवा माझ्या घरातच आहे' अशी सुरुवात केली. मॅडमनी लाल बदाम दिला.

२३ ऑगस्ट, शनिवार

प्रोजेक्टला विषय मिळाला आणि तो फुकटात मिळाला.

आई रबरी सील बनवणाऱ्या कंपनीत शेवटच्या तपासणीच्या टेबलावर उभी असते. नुसतं बोट फिरवून तिला कळतं कुठे रबर जास्त आलंय. नऊ वर्षं तेच टेबल, कंत्राटदार मात्र तीन झाले. बाकीच्या पोरींना सात महिने झाले की 'ब्रेक' देतात. म्हणजे घरी बसवतात आणि मग नव्याने घेतात, सेवा सलग दिसू नये म्हणून. आई आणि तिच्या बरोबरच्या थोड्या बायकांना कधी ब्रेक दिला नाही, कारण त्यांच्यासारखं बोट दुसऱ्या कुणाचं नाही. दहा वर्षं भरली की पर्मनंटसाठी अर्ज टाकायचा असं आईने ठरवलंय. घरात पाहुणा आला की चहाच्या आधी ही नऊ वर्षं सांगून होतात.

तर, आत फोन नेता येत नाही. गेटवर लाकडी कप्प्यांचं कपाट आहे. फोन कप्प्यात ठेवायचा, पितळी टोकन ओढणीला बांधायचं. टोकनाचा नंबर कायमचा, आईचा एकतीस. मी ठरवलं, या बायका पिन कशावरून ठेवतात ते विचारायचं. पिन विचारायचा नाहीच, एवढी अक्कल मला आहे. फक्त प्रकार: जयंती (असली तर कुणाची), मुलाचा वाढदिवस, गाडीचा नंबर की आणखी काही. नावंही लिहायची नाहीत, नावाच्या जागी टोकन नंबर. गोपनीयतेची काळजी घेतली म्हणून मॅडम खूश होतील.

आईने जेवणाच्या सुट्टीत फिरून सेहेचाळीस बायकांची माहिती आणली. "आम्रपालीच्या कालेजचं काम हाय" म्हटल्यावर एकीनेही नाही म्हटलं नाही म्हणे.

१० सप्टेंबर, बुधवार

वीसपैकी एकोणीस!

सेहेचाळीसपैकी एकवीस बायकांचा पिन जयंतीचा. कुणाचा चौदा एप्रिल, कुणाचा एकोणीस फेब्रुवारी. वर्ग खदाखदा हसला. मी पण हसले. शेवटी 'कच्चा दुवा' वाली स्लाइड टाकली आणि म्हटलं, तंत्रज्ञान कितीही भक्कम करा, या बायकांना कोण शिकवणार? मॅडम म्हणाल्या, "नावं लपवलीस हे विशेष. तक्ता ग्रुपवर टाक, बाकीच्यांना नमुना होईल." टाकला.

नंतर कॅन्टीनमध्ये कुलदीप आला. चाकणचा आहे, तिथलं जुनं घराणं. त्याचे चुलते आबाजी लेबर कंत्राटदार आहेत, आईच्या कंपनीतलं सध्याचं कंत्राटही त्यांचंच. मुलगा तसा साधा आहे. डोळे बरे आहेत. म्हणाला, "भारी केलंस राव. हे टोकन नंबर म्हणजे गेटवरच्या कप्प्यांचेच ना?" मी म्हटलं, हो. नंबर कधी बदलत नाहीत हेही सांगितलं. इतक्या मन लावून माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. चहा त्यानेच पाजला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आईने कंपनीत अर्ज दिला. आठ तास उभं राहून पाय सुजतात, तपासणीच्या टेबलाला स्टूल द्यावेत, एवढंच. चौदा बायकांच्या सह्या. मजकूर माझा, पण 'कृपया' हा शब्द आईने दोनदा खोडला. म्हणाली, एकदा बास.

अर्ज घेणारा गणराज, आबाजींचा सुपरवायझर. तो म्हणाला, "आज स्टूल मागताय, उद्या पंखा मागाल." आई म्हणाली, "पंखा लिवायचा राहिलाच बघा. द्या कागद इकडं." हे सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आई सकाळी नऊलाच घरी.

गेटवरच्या मशीनने तिचा चेहरा घेतला नाही. 'नोंद सापडली नाही.' गणराजने आपल्या मोबाइलवर दाखवलं: सहा तारखेला सकाळी अकरा बेचाळीसला तुम्ही राजीनामा दिलाय. 'मी स्वेच्छेने काम सोडत आहे', आणि खाली ओटीपीने संमती. परत यायचं तर नव्याने भरती व्हा, म्हणजे नऊ वर्षं शून्य.

मी ओरडले. हजारदा सांगितलंय लिंक दाबू नकोस म्हणून! तुला समजत नाही तर विचारायचं होतंस!

"मी काहीच दाबलं नाही गं."

"नकळत दाबलं असशील. तुम्हा लोकांना कळत नाही दाबलेलं."

'तुम्हा लोकांना.' हे मी माझ्या आईला म्हणाले. ती आधीच स्वच्छ असलेली शेगडी पुसत राहिली. फोनमध्ये ओटीपीचा मेसेज आहे, अकरा एक्केचाळीसचा, उघडून वाचलेला. मला अजूनही वाटतं की तिनेच काहीतरी दाबलं. लिहायला लाज वाटते, पण वाटतंय ते हेच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कॉलेज बुडवून आईबरोबर चाकणला गेले. गेटबाहेर आणखी सहा जणी उभ्या होत्या. सहाही अर्जावर सही केलेल्या, सहाही 'राजीनामा' दिलेल्या. सातही राजीनामे एकाच दिवशी, अकरा चौतीस ते अकरा पन्नासच्या मध्ये. तेव्हा या सातही जणी टेबलावर, त्यांचे फोन कप्प्यात. मी काल मेसेजची वेळ पाहिली होती. आई त्या वेळी कुठे होती, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

वॉचमन अर्जुनराव गावचेच, साठीचे. कप्प्यांची वही ते लिहितात. मी आईच्या फोनचं विचारलं तर वही सरळ माझ्यापुढे सरकवली. "नीलाबाईचा फोन सा पन्नासला आत, तीन वीसला भायेर. मंदी कुनाच्या हातात दिला न्हाई."

"मग कुणी उघडला?"

"त्या दिशी गणराजसायेब आलं व्हतं. म्हनलं, कप्पे तपासायचेत, तुमी च्या पिऊन या. त्ये बी लिवलंय बघ, साडेअकरा. मी समदं लिवतो."

मी पानाचा फोटो काढला. म्हटलं, काका, तुम्हाला त्रास होईल.

"व्हऊ दे की. आमी हितं कंपनीला जमीन दिऊन बसलोय, कुनाची चिठ्ठी घिऊन न्हाई."

परतीच्या बसमध्ये आईची माफी मागायची होती. सीट एकच मिळाली, ती तिला दिली. मोशीपर्यंत तिला डोळा लागला आणि ते राहून गेलं.

एक मात्र कळत नाही. सोळा मिनिटांत सात फोन. अंदाजाने पिन दाबत बसला असता तर निम्मे फोन लॉक झाले असते. त्याला एकाही पिनचा अंदाज बांधावा लागला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सातही जणींचे टोकन नंबर कागदावर मांडले: बारा, एकोणीस, सत्तावीस, एकतीस, तेहेतीस, चाळीस, चव्वेचाळीस. अर्जावर सह्या चौदा, मग उरलेल्या सात जणी कशा वाचल्या? त्यांचे पिन गाडीच्या नंबरचे, माहेरच्या पिनकोडचे. हे मला माहीत आहे, कारण ते माझ्या तक्त्यात आहे. आणि या सातांपुढे माझ्याच तक्त्यात लिहिलंय: जयंती, चौदा एप्रिल. जयंती, एकोणीस फेब्रुवारी. खालपर्यंत तेच.

मी पिन विचारला नव्हता. मी नावं लपवली होती. मी गणराजला कुठला कप्पा उघडायचा आणि त्यात काय दाबायचं, एवढंच ओळीने लिहून दिलं होतं. वीसपैकी एकोणीस.

आई दोनदा जेवायला बोलवून गेली. भूक नाही म्हटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कुलदीपला पार्किंगमध्ये गाठलं. आधी म्हणाला, कसला तक्ता? मग म्हणाला, "गणराजदादाला दाखवला होता. सहज. म्हटलं, बघ आमच्या वर्गात पोरी काय काय करतात."

"आणि मग काय झालं ते तुला कळलं नाही?"

"कळलं. नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

हेल्मेट घालून निघून गेला. डोळे बरे आहेत असं मी याच वहीत लिहिलंय. ते पान फाडणार नाही, राहू दे माझ्यासमोर.

मग मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, कामगार कार्यालयात तक्रार करणार आहोत हेही. म्हणाल्या, तक्ता लगेच काढून टाक. काढला. मग हळूच म्हणाल्या, "कामगार कार्यालयात तक्त्याचा उल्लेख करायलाच हवा का? कॉलेजचं नाव येईल. तुझंही वर्ष आहे." मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या घाबरल्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तक्ता दाखवला, कुलदीपचं सांगितलं, काहीच लपवलं नाही.

तिने विचारलं, "असं व्हईल हे तुला ठाऊक होतं का?"

"नाही."

"मग बस झालं."

मला रडू फुटलं. ती लसूण सोलतच राहिली. मग म्हणाली, "पण मी दाबलं नाही म्हणलं, तर तू खरं धरलं नाहीस. सायबाच्या मोबाइलमधलं खरं धरलंस. त्याचं काय?"

माफी मागितली, पण माफी हे काही उत्तर नव्हे. तिने अर्धा लसूण माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघी सोलत बसलो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गणराजचा निरोप आला. दिवाळीनंतर सातही जणींना नव्याने भरती करून घेऊ, स्टूलही देऊ, तक्रार मागे घ्या. पप्पा म्हणाले, घ्यावं का? आई म्हणाली, "नऊ वर्सं इथं ठिवून स्टुलावर बसू?" पप्पांनी पुन्हा विषय काढला नाही. कामगार कार्यालयात तक्रार अर्ज काल दिला, सुनावणीची तारीख तीस ऑक्टोबर.

आजचं मनन मी आधी या वहीत लिहिलं आणि एक अक्षर न बदलता तिकडे टाकलं. उतरवून ठेवते:

'या कोर्समध्ये मी शिकले की पासवर्ड अवघड ठेवावा, लिंक दाबू नये, ओटीपी सांगू नये. माझ्या आईने लिंक दाबली नाही आणि ओटीपी कुणाला सांगितला नाही, तरी तिची नोकरी गेली. तिचा फोन तिच्याकडून काढून घेऊन कप्प्यात ठेवायचा हे तिने ठरवलं नव्हतं. त्या कप्प्याला कुलूप नसावं हेही नाही. सहा आकडी नंबर आला म्हणजे बाईची संमती आली, हे तिला विचारून ठरलेलं नव्हतं. हे सगळं ज्यांनी ठरवलं त्यांना आपल्या एकाही स्लाइडवर कुणी दुवा म्हणत नाही, कच्चा तर नाहीच. कच्ची फक्त ती, कारण तिला चौदा एप्रिल पाठ आहे. पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर हसले होते, ते शब्द मी मागे घेते. चूक झाली ती माझी. टोकन नंबर हे नावापेक्षा धोक्याचे होते हे मला दिसायला हवं होतं, आणि ते मी सुनावणीत सांगणार आहे. कोर्सच्या नावात "आणि समाज" आहे. तो समाज कितव्या आठवड्यात येणार आहे?'

शब्द मोजले नाहीत. कापायचे तर कापा मार्क.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी असून मॅडमनी कॉलेजच्या गेटपाशी बोलावलं. मनन त्यांनी वाचलं होतं. बंद पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचून घे, चूक नको राहायला." आत चार ओळी: तक्ता माझ्या सूचनेवरून ग्रुपवर टाकला गेला. मी तो तपासला होता. त्यातला धोका माझ्याही लक्षात आला नाही. खाली पूर्ण नाव, पद, सही.

मी म्हटलं, मॅडम, तुमचं कॉलेज? म्हणाल्या, "ते मी बघते. तू बोलताना घाई करू नकोस, तू फार भरभर बोलतेस."

३० ऑक्टोबर, गुरुवार

सुनावणी झाली. हे आजच लिहायचं आहे.

टेबलाच्या एका बाजूला आबाजी, गणराज आणि त्यांचे वकील. दुसऱ्या बाजूला सात जणी आणि मी. खुर्च्या सातच, म्हणून आई उभी. मधे चष्मेवाले अधिकारी, सावकाश वाचणारे.

वकील म्हणाले, पिन सोपा ठेवणं हा बाईंचा निष्काळजीपणा आहे. कंत्राटदाराचा काय दोष? आई म्हणाली, "माझ्या दाराची कडी साधी हाय. म्हणून तुमी घरात येणार का?" अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते वाक्य लिहून घेतलं.

मग मी उठले. घाई करायची नाही हे आठवून पहिलं वाक्य सावकाश म्हटलं, पुढची सगळी भरभर गेली. तक्ता माझा, टोकन नंबर मी लिहिले, ग्रुपवर मी टाकला. वकील टुणकन उठले. "म्हणजे माहिती या मुलीनेच फोडली!"

"हो," मी म्हटलं. "पिन माझ्यामुळे कळला. फोन मी नाही उघडला." अर्जुनरावांच्या वहीचा फोटो ठेवला. मॅडमचं पत्र ठेवलं. आणि कंपनीच्याच मशीनच्या नोंदी मागवा म्हणून सांगितलं: सहा तारखेला राजीनामा दिलेल्या सात बायका सात आणि आठ तारखेला पूर्ण पाळी काम करून गेल्यात. तेव्हा मशीनने त्यांचे चेहरे घेतले कसे?

अधिकाऱ्यांनी गणराजला विचारलं, "साडेअकराला कप्प्यांमध्ये काय तपासत होतात?" गणराज आबाजींकडे बघायला लागला. आबाजी भिंतीकडे.

ते तिघं बाहेर जाऊन आले. वकिलांनी मजकूर सांगितला, कारकुनाने टाइप केला. 'तांत्रिक चुकीमुळे नोंद झालेले सात राजीनामे रद्द करण्यात येत आहेत. संबंधित कामगारांची सेवा अखंड समजण्यात येईल.' अखंड! मला तिथेच नाचावंसं वाटलं. नऊची नऊ वर्षं परत. मी आईच्या कानात म्हटलं, कर सही.

आईने कागद घेतला. सील तपासते तसं एकेका शब्दावरून बोट फिरवलं. पहिल्याच शब्दांवर थांबली.

"हे काढा."

वकील म्हणाले, बाई, सगळं मिळालंय तुम्हाला. भाषेचा प्रश्न आहे नुसता. अधिकारीही समजावून म्हणाले, "ताई, सेवा अखंड मिळतेय. एका शब्दासाठी पुढची तारीख पडेल, विचार करा." मी आईचा हात दाबला. खरं सांगते, मला भीती वाटली होती. मी पुन्हा म्हटलं, आई, कर ना सही. तिने माझा हात बाजूला केला आणि आबाजींकडे पाहिलं.

"चूक माझ्या लेकीनं केली. तिनं ती इथं उभं राहून सांगितली, सगळ्यांसमोर. तुमी केलं ती चूक नव्हती."

मागे बसलेल्या सहा जणींपैकी एकीने आपल्या हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग दुसरीने ठेवलं. मग सगळ्यांनी.

अधिकाऱ्यांनी कागद आपल्याकडे ओढला. मग स्वतःच्या शाईने 'तांत्रिक चुकीमुळे' खोडलं, वर लिहिलं 'कामगारांच्या संमतीविना', आणि कागद आबाजींपुढे सरकवला. "खाडाखोडीपाशी सही लागेल."

आबाजींनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी घड्याळाकडे. मग आबाजींनी सही केली.

आईने कागद परत घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागली. कुणी तिला घाई केली नाही.